मुंबई–नागपूर: अंतर किती, वेळ किती (प्रकल्प नोंदी)

१९ जानेवारी २०२५, रविवार

काल रात्री नागपूरहून परत आलो, चुलतभावाचं लग्न होतं. मांडवात जेवणं उरकल्यावर पान खात खात जो वाद झाला त्यातून हा उद्योग सुरू होतोय, म्हणून आधी तोच लिहून ठेवतो. विषय काय, तर मुंबई–नागपूर अंतर किती. मोठे काकाजी आयुष्यभर रेल्वेत होते, ते म्हणाले ८३७, विषय संपला. मामाजी समृद्धीचे भक्त, ते म्हणाले ७०१. एक जावईबापू ट्रान्सपोर्टवाले, त्यांच्या डोक्यात अजून जुना रस्ता, ते आठशेच्या खाली यायला तयार नाहीत. भाच्यानं मोबाइल काढून ६८३ म्हटलं तर सगळ्यांनी मिळून त्यालाच झापला की एवढं कमी कसं असेल बाप्पा. मजा म्हणजे चौघंही आपापल्या जागी बरोबर. आणि हे सगळं ऐकून आई स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाली, "ते जाऊ दे, विमान तिकडून उडालं की घरी यायला किती वेळ लागते ते सांग, म्हणजे पोळ्या केव्हा टाकायच्या ते समजते."

तर ठरलं. एक शीट बनवायची. दोन शहरं टाकली की अंतर आणि वेळ बाहेर. सुरुवात याच जोडीपासून, कारण दर दोन महिन्यांनी जाणं होतंच, पडताळा घ्यायला सोपं.

२० जानेवारी

ऑफिसनंतर बसलो. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश असले की गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर काढायचं सूत्र आहे, हॅवरसाइन. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरायची, बाकी साइन-कोसाइन. कॉपी केलं, आकडे टाकले, एंटर मारलं.

उत्तर: १२,७४१ किमी.

म्हणजे नागपूर न्यूयॉर्कपेक्षा लांब. (मुंबई–न्यूयॉर्क साडेबारा हजारांच्या आसपास आहे.) पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो मग ट्यूब पेटली, शीटमधलं साइन रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) मागतं आणि मी अंश देत होतो. अकरावीत याच चुकीसाठी मार्क गेले होते. गंमत अशी की पृथ्वीचा व्यास १२,७४२ आहे, त्यामुळे क्षणभर वाटलं काहीतरी मोठं हाती लागलं, पण नाही, निव्वळ योगायोग.

रेडियन केल्यावर: ७१४. हं. जवळ आलं पण भाच्याच्या ६८३ शी जुळत नाही. झोपतो.

२२ जानेवारी

सापडलं, आणि ही चूक पहिलीपेक्षा लाजिरवाणी आहे. विमानतळाच्या कागदावर जागा अशी लिहिलेली असते: १९ अंश ०५ मिनिटं उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटं पूर्व. मी ते सरळ १९.०५ आणि ७२.५२ असं टाइप केलं. अरे पण एका अंशात साठ मिनिटं, शंभर नाही, म्हणजे ५२ मिनिटं म्हणजे ०.८७. माझ्या शीटमध्ये मुंबईचं विमानतळ किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटर आत, अरबी समुद्रात होतं.

आता नीट टाकलंय. मुंबई १९.०८८७, ७२.८६७९. नागपूर २१.०९२२, ७९.०४७२. उत्तर ६८३ किमी. नॉटिकल मैलात ३६९ (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी). पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही, थोडी चपटी आहे, ते धरलं तर अर्धा-पाऊण किलोमीटर वाढतं, तेवढ्यासाठी सूत्र बदलणार नाही.

भाच्याला मेसेज केला की तू बरोबर होतास. त्याचं उत्तर: "मला माहीत होतं." ठीक आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

आज शीटला हात लावला नाही, नुसतं वाचत बसलो. विषय अंतराचा आणि शहर नागपूर म्हटल्यावर झिरो माइल आलाच. लहानपणी शाळेच्या रिक्षातून रोज दिसायचा, चार घोडे आणि तो खांब, आणि बाजूचा षटकोनी दगड ज्यावर वेगवेगळ्या गावांची अंतरं कोरलेली आहेत. तेव्हा कधी उतरून वाचावंसं वाटलं नाही. हा खांब १९०७ चा, भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेला. आम्हाला घरी सांगायचे की हा भारताचा मधोमध बिंदू. आता फाळणीच्या आधीचा मध्य की नंतरचा हा वाद आहेच, पण नागपूरकरासमोर तो काढू नये.

पण मला खरं गुंतवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. हे सर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासकडे सुरू करणारा विल्यम लॅम्बटन, ज्यानं वीस वर्षं साखळ्या आणि थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) घेऊन दक्षिणेकडून वर वर मोजत आणलं, तो वारला आपल्या हिंगणघाटला. २० जानेवारी १८२३, हैदराबादहून नागपूरकडे येताना. कबर तिथंच आहे. हिंगणघाट म्हणजे माझी मावशी, दर दिवाळीला आम्ही तिच्याकडे जायचो आणि एकदाही कोणी म्हटलं नाही की इथं हा माणूस आहे. आणि मी परवा २० तारखेलाच रेडियन-अंशाचा घोळ घालत बसलो होतो. त्याच्या माणसांनी उन्हापावसात तापमानानुसार साखळीची लांबी किती बदलते याचाही हिशोब ठेवला, आणि मला साठ-शंभर जमेना.

मावशीला फोन केला. ती म्हणाली, "हो आहे न, इंग्रजाची समाधी. तू काहून विचारून राहिला?"

९ फेब्रुवारी

आता वेळ. इथं खरा गुंता आहे.

पहिला झटका सरळ हिशोबाचा: विमान ताशी ९०० नं जातं असं सगळे म्हणतात, ६८३ भागिले ९००, ४५ मिनिटं. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपास. म्हणजे अर्धा वेळ कुठे गेला?

एक, ९०० हा आकडाच फुगवलेला. या रूटवर येणारी जेट ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पटीनं जातात, पस्तीस हजार फुटांवर ते साधारण ४५० नॉट, म्हणजे ताशी ८३० किमी. एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) असेल तर ताशी ५०० च.

दोन, तो वेग सगळा वेळ नसतोच. वर चढायला वीसेक मिनिटं. उतरायचं तर वैमानिकांचा अंगठ्याचा नियम आहे, दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल, म्हणजे ३५ हजारांवरून उतरायला १०५ नॉटिकल मैल, जवळपास १९५ किमी. चढताना साधारण तेवढंच अंतर जातं. ६८३ मधून हे दोन्ही वजा केले तर सपाट उडायला उरतात पावणेतीनशे-तीनशे किमी, वीस-बावीस मिनिटं. म्हणूनच त्या बिचाऱ्या मुली ट्रॉली घेऊन धावत असतात आणि आपला चहा अर्धा असताना कप मागतात. आता राग येणार नाही.

तीन, तिकिटावरची वेळ उडण्या-टेकण्याची नसतेच. गेटवरून चाकाचे ठोकळे काढल्यापासून पलीकडे ठोकळे लावेपर्यंतची असते, ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात मुंबईची टॅक्सी आली. टॅक्सी म्हणजे जमिनीवर रांगेत सरकत जाणं, काळी-पिवळी नव्हे, जरी वेग तोच असला तरी.

शीटमध्ये आता तीन कॉलम: हवेतला वेळ, ब्लॉक टाइम, आणि "आई" (दारापासून दारापर्यंत). तिसरा रिकामा आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार (नागपूर, रात्री)

पहिलं प्रत्यक्ष मोजमाप. खिडकी, उजवी बाजू, मुद्दाम घेतली.

संध्याकाळची फ्लाइट. गेटवरून हललो आणि मग २४ मिनिटं रांगेत. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे दोन असून वापरायला एका वेळी एकच, आणि देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानतळांपैकी एक त्याच्यावर चाललंय. शेजारचे काका प्रत्येक वेळी विमान थांबलं की "आता?" म्हणायचे.

उडालो तर पश्चिमेला. नागपूर पूर्वेला आहे पण वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं, म्हणून आधी जुहूचा समुद्र, मग मोठा वळसा, मग घराकडे. नागपूरला निघालेला माणूस पहिली पाच मिनिटं आफ्रिकेच्या दिशेनं जातो हे मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं. नंतर ट्रॅकिंग अ‍ॅपमध्ये बघितलं तर उडालेलं अंतर सातशे तीसेक किमी भरलं. म्हणजे ६८३ चं ६८३ कोणीच उडत नाही.

सरळ रेषा नकाशावर ओढली तर ती जवळजवळ छत्रपती संभाजीनगरच्या डोक्यावरून जाते, बरोबर मध्य जालन्याच्या थोडा उत्तरेला येतो, अकोला-अमरावती डाव्या हाताला राहतात. लोणार उजवीकडे, रेषेपासून तीस-पस्तीस किमी. त्यासाठीच उजवी खिडकी घेतली होती, पण तोवर अंधार. हेही आधी सुचायला हवं होतं: मुंबई आणि नागपूरच्या रेखांशात सहा अंशांचा फरक आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे नागपूरचा सूर्य साधारण २५ मिनिटं आधी मावळतो. घड्याळ दोन्हीकडे एकच, सूर्य मात्र नाही. मुंबईत उजेडात बसलो आणि अंधार समोरून धावत आला असंच वाटलं.

चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत: १ तास ६ मिनिटं. टेकल्यापासून गेट: ५ मिनिटं (नागपूर! सुख!). एकूण ब्लॉक १ तास ३५. बॅग, ऑटो, घर: आणखी ५० मिनिटं. पोळ्या गार झाल्या होत्या, आईनं वेळापत्रकावर विश्वास ठेवला होता.

१७ फेब्रुवारी

परत. हवेतला वेळ १ तास १९. तेच विमानाचं मॉडेल, तेच अंतर, तेरा मिनिटं जास्त. कारणं दोन दिसतात. एक म्हणजे वारा, हिवाळ्यात आपल्याकडे वर पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतो. विंडी या वाऱ्याच्या अ‍ॅपवर बघितलं तर विमानाच्या उंचीवर पन्नासेक नॉट. जाताना पाठीवर, येताना छातीवर. सपाट टप्प्यापुरता हिशोब केला तर चार-पाच मिनिटांचा फरक पडतो, चढण-उतरण धरून थोडा अजून.

बाकीचं मुंबईचं देणं. कल्याणच्या आसपास दोन गोल चकरा मारल्या. खाली बघतो तर माझ्याच घराची, डोंबिवलीची दिशा, आणि मला त्याच्या पुढे चाळीसेक किमी जाऊन परत लोकलनं यायचं. पूर्वेकडून येणाऱ्या विमानाला मुंबई तशी सरळ पडते, घाटकोपर-कुर्ल्याच्या पत्र्यांवरून थेट रनवे, जातानासारखा वळसा नाही. तो वाचलेला वेळ चकरांमध्ये गेला.

आणखी एक बारीकशी गोष्ट, स्क्रीनवर उंची दाखवत होते म्हणून लक्षात आली: जाताना ३५ हजार फूट, येताना ३६ हजार. पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजार, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम, म्हणजे समोरासमोर आले तरी मध्ये हजार फूट राहतात. रस्त्यावर आपण डावी बाजू पाळतो तसं, फक्त इथं खरंच पाळतात.

२३ मार्च

काही नाही. ऑफिसचं वर्षअखेर.

२६ एप्रिल

शीटमध्ये लांबच्या जोड्या टाकत होतो, बहीण लंडनला आहे म्हणून मुंबई–लंडन (७,२०० किमी) आणि दिल्ली–लंडन. गोलावरची सरळ रेषा काढली की दिल्ली–लंडन थेट पाकिस्तानवरून जाते. आणि परवापासून, २४ एप्रिलला, पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलंय, म्हणजे त्यांची दिल्लीची विमानं आधी खाली दक्षिणेला अरबी समुद्राकडे येऊन मग पश्चिमेला वळताहेत. दोन शहरं जागची हलली नाहीत, सूत्र तेच, आकडा तोच, आणि प्रवास वाढला. माझी शीट हे कधीच सांगू शकणार नाही. एक "टीप" कॉलम वाढवला, त्यात हातानं लिहायचं.

६ जून

समृद्धी काल पूर्ण झाली! इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किमीचा तुकडा ५ जूनला उघडला. पहिला नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ चा, म्हणजे अडीच वर्षं मामाजी ७०१ म्हणत होते तेव्हा खरं तर रस्ता ७०१ नव्हताच. फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मी भविष्य सांगत होतो."

शीटमध्ये रस्त्याची ओळ टाकली. ७०१ किमी, ताशी १२० ची मर्यादा, सरकारी हिशोब आठ तासांचा. पण आमणे म्हणजे भिवंडीजवळ, दादर नव्हे. तिथून पुढची मुंबई हा वेगळा प्रकल्प आहे, त्याला नोंदवही पुरायची नाही. आमण्यापर्यंतचाच धरला तर विमानाच्या सरळ रेषेपेक्षा रस्ता जेमतेम १८ किमी जास्त, हे मात्र मानलं पाहिजे. इगतपुरीला डोंगराच्या पोटातून पावणेआठ किलोमीटरचा बोगदा काढलाय त्याचा हा परिणाम. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली ती भुसावळ, बडनेरा, वर्धा करत वरून वळसा घालून, म्हणून काकाजींचे ८३७. तरी दुरांतोत रात्री झोपलं की सकाळी नागपूर, आणि झोपेतला वेळ मोजायचा की नाही यावर काकाजींचं मत आहे की मोजायचा नाही, म्हणजे रेल्वे सगळ्यात जलद.

१२ जुलै, शनिवार (नागपूर)

आज शीट चुकली आणि मला आनंद झाला.

फेब्रुवारीच्या अनुभवावरून मी वाऱ्याचा कॉलम पक्का केला होता: जाताना वजा, येताना अधिक. आज जाताना हवेतला वेळ १ तास १५. पावसाचे ढग टाळत थोडं वाकडं गेलो ते आहेच पण स्क्रीनवरचा जमिनीचा वेग सगळा वेळ आठशेच्या खालीच. वारा छातीवर होता. पूर्वेकडे जाताना!

संध्याकाळी शोधलं. जून ते सप्टेंबर भारताच्या दक्षिण अर्ध्यावर खूप उंचावर वारा उलटा होतो, पूर्वेकडून पश्चिमेला, याला उष्णकटिबंधीय पूर्वीय जेट म्हणतात (जेट म्हणजे उंचावरचा जोरदार वाऱ्याचा पट्टा, विमान नव्हे). तिबेटचं पठार तापतं, वरची हवा तापते आणि उत्तर-दक्षिण तापमानाचं गणितच उलटतं. हा वारा जगासमोर नीट मांडला तो आपल्याच हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी, १९५८ मध्ये. जेटचा मुख्य पट्टा नागपूरच्या दक्षिणेला आणि विमानांच्याही वर असतो, पण त्याची झुळूक इथंही लागते. म्हणजे खाली मान्सून नैऋत्येकडून येतोय, छत्र्या एका बाजूला उलटताहेत, आणि दहा-अकरा किलोमीटर वर बरोबर विरुद्ध दिशेचा वारा. भूगोलात हे होतं का? असेल, मी त्या दिवशी क्रिकेट खेळत असणार.

वाऱ्याच्या कॉलमला महिना जोडला. जून ते सप्टेंबर चिन्ह उलट.

बाबांना हे सांगत होतो, ते म्हणाले त्यांच्या लहानपणी सोनेगावला (नागपूरचं विमानतळ) रात्री विमानांचा आवाज यायचा, टपालाची विमानं. ते खरं निघालं. १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा होती, मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांनी विमानं निघून मध्यरात्री नागपूरला जमायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि परत आपापल्या गावी. दिल्लीत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी मद्रासला. मध्ये असण्याचा फायदा असा कामी लावला होता. बाबा म्हणाले आवाज आला की त्यांची आजी म्हणायची, "टपाल आलं, आता झोपा."

१४ जुलै

परत येताना १ तास १२. जाण्यापेक्षा कमी! चकरा पण नाहीत. वारा पाठीशी होता हे खरं, पण एका फेरीवर काही ठरवायला नको, दसरा-दिवाळीपर्यंत आकडे जमवतो.

२ नोव्हेंबर

आतापर्यंत माझ्या, बहिणीच्या आणि भाच्याच्या मिळून नऊ फेऱ्या. हवेतला वेळ १:०४ ते १:२२. एवढाच फरक. टॅक्सी आणि रांग: ९ मिनिटं ते ३८. म्हणजे वाऱ्याच्या चिन्हावर मी दोन महिने घातले आणि सगळा खेळ मुंबईच्या जमिनीवर चालला होता. वाऱ्याचा कॉलम काढणार नाही, कष्टाचा आहे.

"आई" कॉलम भरला: दारापासून दारापर्यंत साडेपाच तास, कमी-जास्त पाऊण तास. त्यात आकाशात सव्वा तास.

२८ डिसेंबर, रविवार

नवी मुंबईचं विमानतळ २५ तारखेपासून चालू झालं. लगेच ओळ टाकली: नागपूर ६६७ किमी, सांताक्रूझपेक्षा १६ नी कमी. डोंबिवलीहून जवळही पडेल. हवेतला वेळ, टॅक्सी, चकरा, सगळे रकाने कोरे, नऊ फेऱ्या होईपर्यंत कोरेच ठेवणार.

रात्री आईला व्हिडिओ कॉलवर पूर्ण शीट दाखवली, तिच्या नावाचा कॉलम पण. तिनं चष्मा लावून नीट बघितली. मग म्हणाली, "छान केली. पण तू असं कर, सोनेगावहून ऑटोत बसला की मिस कॉल दे. मी तवा ठेवते."

कॉलमचं नाव बदललं: "मिस कॉल".